भाकरी भाजणारा तिसरा हात : सोलापुरातील एक प्रकरण

डिसेंबर 2023 च्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरातील आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंच कमिटीने एक ठराव एकमताने मंजूर केला आणि पुढच्या तीन आठवड्यांत तोच ठराव गुंडाळून ठेवण्याची वेळ आमच्यावर आली. ठराव साधा होता. सरकारी रुग्णालयाबाहेर मुक्काम करणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या आमच्यातील एका तरुणाचा नाताळाच्या कार्यक्रमात शाल, श्रीफळ व सन्मानचिन्ह देऊन सत्कार करावा, एवढेच त्यात होते. सूचना माझी होती. मी त्या वेळी कमिटीचा सेक्रेटरी होतो, आणि त्या सूचनेमागे मंडळीचे नाव चार लोकांत व्हावे ही इच्छा अजिबात नव्हती, असे मला आज छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही.

या प्रकरणात मुख्यत्वे तीन माणसे आहेत. पहिल्या, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या परिसेविका, ज्यांना सगळी मंडळी ‘सिस्टर’ म्हणते. दुसरा, त्यांच्या हाताखाली तयार झालेला, औषधाच्या दुकानात नोकरी करणारा चोवीस वर्षांचा तरुण. आणि तिसऱ्या, सिस्टरांच्या शेजारी राहणाऱ्या, तेलुगू बोलणाऱ्या विडी कामगार बाई, ज्यांना गल्ली ‘अक्का’ म्हणते आणि ज्या आमच्या मंडळीच्या सभासद नाहीत. तिघांना विचारूनच हे टिपण केले आहे आणि तिघांच्याही सांगण्यावरून त्यात नावे घातलेली नाहीत. नावे कुठे आहेत ते पुढे येईलच.

सेवेची सुरुवात

सिस्टर मिरजेच्या मिशन रुग्णालयात शिकल्या. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेल्या त्या रुग्णालयाची शिस्त त्यांच्या अंगात इतकी भिनलेली आहे की अजूनही त्या चादरीचा कोपरा दुमडताना आधी बोटाने तिरकी घडी मोजतात. 2012 साली त्या निवृत्त होऊन सोलापुरात परतल्या, आणि त्याच वर्षी 2 जुलैला राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत सोलापूर होते. (2017 पासून हीच योजना महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते.) योजना चांगली असली तरी ती रुग्णापर्यंत पोहोचायची तर पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड, ओळखपत्र, डॉक्टरांची चिठ्ठी, आरोग्यमित्राच्या (रुग्णालयातील योजनेच्या मदतनिसाच्या) टेबलावरची नोंद आणि मंजुरी येईपर्यंत धीर, एवढ्या गोष्टी जमाव्या लागत. अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर या बाजूंनी आलेल्या माणसाला, त्यातही घरात फक्त कानडी बोलणाऱ्याला, कोणत्या खिडकीवर काय मागायचे हेच कळत नसे. सिस्टर पहिल्यांदा गेल्या त्या शेजारच्या एका मुलीच्या बाळंतपणासाठी. डबा देऊन परत निघायच्या ऐवजी त्या पायरीवर बसल्या आणि तीन अनोळखी घरांची कागदपत्रे लावून देऊन रात्री नऊला घरी आल्या. त्यानंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी त्या जाऊ लागल्या. करोनाचा काळ वगळता हा नेम अकरा वर्षांत मोडला नाही.

बरोबर काय असे, तर पाण्याचा कॅन, कागद ठेवायला प्लास्टिकच्या पिशव्या, दोन पेन, आणि कापडात बांधलेल्या चाळीस कडक भाकऱ्या व शेंगाची चटणी. सोलापूरकराला कडक भाकरीचे महत्त्व सांगायला नको; बाहेरच्या वाचकासाठी एवढेच की ज्वारीची पातळ थापलेली ही भाकरी तव्यावरून उतरवल्यावर मंद आचेवर पापडासारखी होईपर्यंत वाळवतात आणि मग ती कित्येक दिवस खराब होत नाही. वॉर्डाबाहेरच्या फरशीवर राहणाऱ्या माणसाला पिशवीत ठेवून दोन दिवस पुरवून खाता येईल असे दुसरे अन्न मला तरी ठाऊक नाही.

या सेवेचा मंडळीच्या कोणत्याही अहवालात उल्लेख नसे. सिस्टरांनी वर्गणी मागितली नाही, बॅनर लावला नाही, मंडळीचे नाव सांगितले नाही. कोणी विचारले तर त्या ख्रिस्ती आहोत असे सरळ सांगत आणि विषय पुन्हा रुग्णाकडे वळवत. पुस्तिका वाटण्याची सूचना आमच्यापैकी एकाने केली होती तेव्हा त्यांनी फक्त ‘तिथे नको’ असे म्हटले. का नको, ते सांगितले नाही. मला वाटते, या प्रकरणाची पहिली गाठ इथेच पडलेली होती.

शिकवण्याची रीत

तरुण त्यांच्याकडे आला तो 2019 मध्ये. शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीतील मुलांच्या बायबलच्या वर्गात, तो त्यांचा विद्यार्थी होता आणि डी. फार्मसीला प्रवेश मिळाल्यावर ‘सिस्टर, मलाही यायचंय’ म्हणून त्याने हट्ट धरला होता. पहिले तीन महिने त्यांनी त्याला पाण्याचा कॅन उचलणे आणि परत आल्यावर डबे घासणे याखेरीज काही करू दिले नाही. तो चिडत असे. डबे घासण्यासाठी सिस्टरांनी मला ठेवले आहे, असे तो मित्रांना सांगत असे, आणि ते सिस्टरांच्या कानावर गेले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘खरंच आहे की ते.’

चौथ्या महिन्यात त्याला नवे काम मिळाले : रुग्ण व्हायचे. पक्षाघात झालेल्या किंवा मणक्याला मार लागलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला, टाचांना, माकडहाडाला जखमा होतात, आणि गर्दीच्या वॉर्डात ते काम शेवटी नातेवाइकांवरच येते. ते त्यांना कोणी शिकवत नाही. सिस्टर वऱ्हांड्यात एक चादर पसरत, या सहा फुटी मुलाला तिच्यावर आडवे करत आणि भोवती जमलेल्या बायाबापड्यांना दाखवत : रुग्णाचा पलीकडचा गुडघा आधी वाकवायचा, मग एक हात त्याच्या पलीकडच्या खांद्यावर, दुसरा कमरेच्या हाडावर, आणि ओढायचे नाही, आपल्याकडे कलते करायचे, मग पाठीमागे घडी केलेले पांघरूण, दोन गुडघ्यांच्या मध्ये दुसरी घडी, आणि टाचा हवेत. ‘आता तुम्ही करा’ म्हटल्यावर कुणा म्हातारीचा हात त्याच्या कमरेवर येई आणि ती संकोचून मागे घेई. तेव्हा सिस्टर त्याला दटावत, ‘तू दगड हो. रुग्णाला लाज वाटत नाही का? तुला कशाला वाटते?’ आठवड्यातून दोनदा, लोकांच्या पायांशी, पाठीवर झोपून वर पाहायचे. त्याने मला एकदा सांगितले की नम्रता या विषयावर त्याने ऐकलेल्या कोणत्याही प्रवचनापेक्षा ती फरशी जास्त थंड होती.

दुसरी गोष्ट जेवणाची, आणि पुढच्या घटनेच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. सिस्टरांनी कधी कोणाला भाकरी ‘दिली’ नाही. त्या पायरीवर किंवा झाडाखाली एखाद्या कुटुंबाशेजारी बसत, रुग्णाची चौकशी करत, कागद पाहत, आणि थोड्या वेळाने गाठोडे सोडून स्वतःची भाकरी मोडायला लागत. मग ‘या की जेवायला’ असे सहज म्हणत. समोरच्याकडे काही असेल तर तेही मागून घेत; एकदा कोणाकडचे लोणचे, एकदा कोणाकडची दह्याची वाटी. त्यांचे रात्रीचे जेवण त्या दोन दिवशी तिथेच होई. शेवटी उरलेल्या भाकऱ्या ‘उद्याला राहू द्या’ म्हणून त्या मागे ठेवत. जेवणारा कोणीही त्यांच्या हिशेबी भुकेला नव्हता, सोबतीला बसलेला होता.

शब्बाथ शाळेतही त्यांची रीत अशीच आडवळणाची होती. प्रेषितांची कृत्ये हे आरंभीच्या ख्रिस्ती प्रचारकांची हकीकत सांगणारे बायबलमधील पुस्तक शिकवताना त्या मुलांना एकच काम देत : बर्णबा आणि पौल यांची नावे जिथे जिथे एकत्र येतात तिथे कोणाचे नाव आधी आहे ते वहीत लिहा. मुलांच्या ध्यानात येई की तेराव्या अध्यायाच्या आरंभी ‘बर्णबा व शौल’ (शौल हे पौलाचेच दुसरे नाव) असा क्रम आहे आणि त्याच अध्यायात पुढे पौलाचे नाव आधी येऊ लागते. ज्या शौलाला यरुशलेमेतील शिष्य घाबरत होते त्याला हाताला धरून प्रेषितांकडे नेणारा, पुढे तार्सस येथे जाऊन त्याला शोधून आणणारा बर्णबा. त्याचे नाव हळूच मागे जाते आणि त्याने तक्रार केल्याचे कुठे लिहिलेले नाही. सिस्टर यावर भाष्य करत नसत. फक्त ‘मोजलंत ना?’ असे विचारत. नावे मोजण्याची ही सवय त्यांनी मुलांना लावली. ती त्यांच्याच अंगावर येईल हे त्यांना ठाऊक नव्हते.

चित्रफीत

2023 च्या सुमारास सिस्टरांचा गुडघा दुखू लागला आणि शुक्रवार पूर्णपणे तरुणाकडे आला. नोव्हेंबरअखेर एका शुक्रवारी त्याने मित्राकडून मोबाइलवर एक मिनिटाची चित्रफीत करून घेतली. गाठोडे सोडणारे त्याचे हात, भाकरी घेणारा फेटेवाला माणूस, पाठीमागे संथ संगीत, आणि वर अक्षरे : ‘भुकेल्यांना अन्न देणारे हात’. खाली त्याच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड. हेतू वाईट नव्हता, हे मी नोंदवून ठेवतो. ज्वारीचा भाव वाढला होता, सिस्टरांच्या पेन्शनवर किती काळ चालणार, असा त्याचा हिशेब होता. चार दिवसांत ती फीत सोलापूरभर फिरली, साठेक लोकांनी लहानमोठ्या रकमा पाठवल्या, मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला आणि मी सत्काराची सूचना मांडली. सिस्टर त्या बैठकीला होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या मौनाला आम्ही संमती समजलो.

ठरावानंतर सहाव्या दिवशी फेटेवाले गृहस्थ रुग्णालयात औषध घ्यायला आले असताना तरुणाला शोधत दुकानावर आले. अक्कलकोट तालुक्यातील एका गावचे ते पाच एकरांचे शेतकरी. मुलाच्या पायाच्या शस्त्रक्रियेसाठी ते बारा दिवस सोलापुरात होते. ते ओरडले नाहीत, भांडले नाहीत. मोबाइल पुढे धरून त्यांनी एवढेच विचारले की, मी तुमच्याकडे भीक मागितली होती का? फीत त्यांच्या मुलीच्या सासरी पोहोचली होती. तिच्या सासूने सगळ्यांसमोर म्हटले होते की, तुझा बाप सोलापुरात रस्त्यावर भाकरी मागून खातो काय? त्या माणसाच्या खिशात त्या दिवशी पैसे होते, जवळच खाणावळही होती. पण तो तरुण शेजारी बसला, बोलला, ‘या की’ म्हणाला, म्हणून ते जेवले होते. पंगतीला बसलेल्या माणसाला चित्रफितीने याचक केले होते.

एखाद्याची सेवा करून नाव मिळवण्याची किंमत बहुतेक वेळा सेवा घेणाऱ्याच्या खिशातून जाते, ही गोष्ट मी तोपर्यंत अनेकदा बोललो होतो. तिचा चेहरा पाहिला नव्हता.

अक्कलकोटची एसटी

तरुणाने त्याच रात्री फीत काढून टाकली आणि तो सिस्टरांच्या घरी गेला. त्यांनी त्याला बोल लावला नाही, की धीरही दिला नाही; रविवारी उपासना झाल्यावर स्टँडवर ये, असे सांगितले. दोघे अक्कलकोटच्या एसटीत बसले. महिलांना अर्धे तिकीट असल्याने सिस्टरांचे अर्धे, त्याचे पूर्ण. प्रत्येकाने आपापले काढले. चाळीसेक किलोमीटरच्या त्या प्रवासात सिस्टर बोलल्या नाहीत असे तो सांगतो. अक्कलकोटहून गावापर्यंत वडापच्या जीपने गेले.

त्या घरी जे घडले ते मला दोघांनीही सांगितले आणि दोघांच्या सांगण्यात फरक नाही. तरुणाला वाटले होते की सिस्टर बोलतील, आपण मान खाली घालून उभे राहू. सिस्टर ओट्यावर बसल्या, पदराने तोंड पुसले आणि गप्प राहिल्या. शेवटी त्यालाच तोंड उघडावे लागले. रुग्णालयात कानावर पडलेल्या कानडीतून त्याने ‘तप्पात्री’ (चूक झाली) एवढाच शब्द काढला आणि मग मराठीत सगळे सांगितले : फीत का केली, पैसे किती आले, ते कोणाच्या खात्यात आहेत. घरातली म्हातारी मध्येच आतून आली आणि तिने ‘ऊटा आतेन?’ म्हणून विचारले. जेवण झाले नव्हते. दोघे तिथे जेवले. गृहस्थांनी मुलीच्या सासरी फोन लावून दिला आणि तरुण मुलीच्या सासऱ्यांशी बोलला. ते बोलणे तीन मिनिटांचे असेल, पण त्याच्या सांगण्यानुसार त्यापेक्षा लांब काही त्याने आयुष्यात अनुभवलेले नाही.

परतीच्या गाडीत सिस्टरांनी पहिल्यांदा कारण सांगितले. ज्याचे पोर आत खाटेवर आहे तो माणूस ‘नको’ म्हणायला मोकळा नसतो. पुस्तिका दिली तर घेईल, फोटो काढला तर काढू देईल, प्रार्थना करू का विचारले तर मान डोलावेल. म्हणून त्याच्याकडून आपण काहीच घ्यायचे नाही, हो सुद्धा नाही. हे वाक्य तरुणाने घरी येऊन लिहून ठेवले आणि मी ते त्याच्याकडून घेतले आहे.

वाक्य उत्तम आहे, यात शंका नाही. माझा प्रश्न असा की ते चार वर्षे आधी का सांगितले गेले नाही? सिस्टर ज्या पिढीत परिचर्या शिकल्या तिथे वरिष्ठ करत ते कनिष्ठ पाहत, आणि विचारण्याची पद्धत नव्हती. मूकपणे घालून दिलेला धडा मनावर खोल ठसतो हे खरे, पण त्याचा अर्थ शिकणारा आपापल्या कुवतीने लावतो. सिस्टर ‘फोटो नको’ म्हणत, याचा अर्थ तरुणाने ‘सिस्टरांना मोबाइल जमत नाही’ असा लावला होता. कारण न सांगण्यात नम्रता असेल. मार्गदर्शन म्हणून पाहिले तर तो कामचुकारपणाच आहे, आणि हे मी सिस्टरांना तोंडावर सांगितले तेव्हा त्यांनी ते मान्य केले.

आलेल्या पैशांचे काम त्यामानाने सोपे निघाले. ज्यांची नावे दिसत होती त्यांना तरुणाने संदेश पाठवून रक्कम परत घेण्यास सांगितले. निम्म्याहून अधिक लोकांनी ‘राहू द्या’ म्हटले; ती रक्कम मंडळीच्या खात्यात पावतीसह जमा झाली.

तिसरा हात

सत्काराचा ठराव रद्द करण्यासाठी नाताळानंतर बैठक झाली. आम्हाला वाटले होते, दहा मिनिटांचे काम आहे. पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, येशूच्या डोंगरावरील प्रवचनातील दानधर्माचा उतारा वाचला, उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये हा, आणि सिस्टरांकडे पाहून म्हटले की अकरा वर्षे ज्यांनी हे वचन पाळले त्यांच्या नावाचा गवगवा न करणे हाच त्यांचा सन्मान होय. सगळ्यांनी माना हलवल्या.

तरुण उठून उभा राहिला. तो म्हणाला, त्याची चूक त्याला मान्य आहे, पण एक गोष्ट विचारायची आहे. भाकऱ्या कोण भाजतं?

खोलीत शांतता झाली. आमच्यापैकी बहुतेकांना वाटत होते की सिस्टरच भाजतात. त्याने अजेंड्याच्या कागदाच्या मागे केलेला गुणाकार वाचून दाखवला : दर खेपेला चाळीस, आठवड्याला ऐंशी, वर्षाला चार हजार एकशे साठ, करोनाचे दीड वर्ष वजा केले तर दहा वर्षांत एक्केचाळीस हजारांच्या वर. पीठ सिस्टरांच्या पेन्शनमधून येते. थापणे, भाजणे, वाळवणे अक्काकडे. दिवसभर मांडीवर सूप घेऊन पान कातरायचे, हजार विड्या वळायच्या, कारखान्यावर जाऊन द्यायच्या, तिथे तपासणाऱ्याने छाट काढली की तेवढी मजुरी गेली. आणि सोमवारी व गुरुवारी रात्री त्यानंतर अडीच-तीन तास चुलीपुढे. सिस्टरांनी कोणाचेच नाव न घेण्याचा नियम केला. ‘सिस्टर, तुमचं नाव घ्यायची गरजच नाही, ते सगळ्यांना माहीत आहे,’ तो म्हणाला. ‘अक्काचं नाव तुम्ही झाकलं, तिनं नाही.’

मग त्याने जे केले ते माझ्या मते या प्रकरणातील सर्वात महत्त्वाचे कृत्य होय. त्याने बायबलमधील पौलाच्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उघडला आणि सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे नावे मोजली. फीबीपासून सुरुवात करून पौल पंचवीसहून अधिक माणसांची नावे घेतो, कोणी किती श्रम केले तेही सांगतो. आणि बाविसाव्या ओवीत, ज्याने ते पत्र हाताने लिहून घेतले तो लेखनिक तर्तियस स्वतःच्या नावाने वाचकांना सलाम पाठवतो. पौलाने सांगायचे आणि त्याने लिहायचे, असे त्याचे काम. तरी पौलाने त्याचे नाव खोडले नाही. नम्रतेवर इतके लिहिणारा माणूस दुसऱ्याच्या नावाबाबत मात्र कंजूष नव्हता.

हा मुद्दा मी पुढे अनेक दिवस घोळवला. दानधर्माच्या वचनातील उजवा हात आणि डावा हात हे दोन्ही एकाच माणसाचे आहेत. ते वचन स्वतःच्या हाताला घातलेला लगाम आहे. इथे भाकरी भाजणारा हात तिसराच होता, आणि त्या हाताला लगाम घालण्याचा अधिकार सिस्टरांना कोणी दिला नव्हता. ज्याला गावात मान आहे त्याने ‘माझे नाव नको’ म्हणणे हा त्याग असतो. ज्याचे नाव कोणी कधी विचारलेच नाही त्याच्या वतीने आपणच ‘नाव नको’ म्हणणे याला काय म्हणावे, ते मला अजून नीट सुचलेले नाही. आमच्या ख्रिस्ती परंपरेतही हा दोष नवा नाही. मिशनच्या जुन्या अहवालांत साहेब-मडमांची नावे सालांसह मिळतात, आणि त्यांच्याबरोबर उन्हातान्हात वस्त्या पालथ्या घालणाऱ्या बायबलबाया (घरोघर बायबल सांगणाऱ्या इथल्या स्त्रिया) बऱ्याचदा तक्त्यातील एका आकड्यात मावतात. सिद्धरामेश्वरांचे तळे तर आपल्या गावाच्या मधोमध आहे. तळे कोणी बांधवले हे शाळकरी पोरही सांगते. मातीच्या पाट्या वाहणाऱ्यांची नावे विचारायचे मात्र कोणाला सुचत नाही.

सिस्टर त्या बैठकीत बराच वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मी तिला कधी विचारलंच नाही.’ आणि काठी घेऊन उठल्या. कमिटीतील एक ज्येष्ठ सभासद तरुणावर रागावले, गुरूला असे चारचौघांत बोलतात काय, म्हणून. माझे मत वेगळे आहे. ते बोलणे एकांतात व्हायला हवे होते हे खरे, परंतु एकांतात ते सिस्टरांपुरतेच राहिले असते, आणि अक्काला न पाहण्याचा दोष आम्हा सर्वांचा होता.

वही

दुसऱ्या दिवशी सिस्टर, तरुण आणि मी असे तिघे अक्काकडे गेलो. शालीचा विषय मीच काढला. ठराव झालाच होता, माणूस बदलून पार पाडता येईल, असे माझ्या डोक्यात होते. अक्का सुपातली पाने कातरता कातरता म्हणाल्या, ‘शाल कशाला? गॅस द्या की. धुरानं डोळं जातंय.’ दहा वर्षे त्या चुलीवर भाजत होत्या. सिस्टरांच्या घरी गॅस होता आणि भिंत एकच होती. सिस्टर त्या वेळी ज्या रीतीने जमिनीकडे पाहत होत्या ते मी लिहिणार नव्हतो, पण त्यांनीच लिहा म्हटले.

त्या भेटीत ठरले ते असे की, गॅस आणि शेगडीचा खर्च जमा झालेल्या रकमेतून व्हावा आणि भाकऱ्यांची मजुरी अक्कांनी घ्यावी. मजुरीला त्या आधी नाही म्हणाल्या, मग निम्म्याला हो म्हणाल्या : सोमवारचे पैसे घेईन, गुरुवारच्या भाकऱ्या माझ्याकडून. हा तोडगा आमच्यापैकी कोणालाही सुचला नसता. खजिनदारांनी निम्म्या मजुरीची नोंद कोणत्या शीर्षकाखाली करायची म्हणून बरीच कुरकुर केली, आणि हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे चुकत नव्हते.

सेवेसाठी एक वही घातली आहे. त्यात दर मंगळवार-शुक्रवारची नोंद असते : पीठ कोणी दिले, भाकऱ्या कोणी भाजल्या, कोण गेले, किती घरांचे कागद लावले. काम करणाऱ्यांची नावे आहेत. ज्यांच्याबरोबर जेवलो त्यांची नाहीत. वही सिस्टरांच्या घरी असते, मंडळीच्या फलकावर किंवा ग्रुपवर त्यातले काही येत नाही, आणि वर्षातून एकदा ती कमिटीपुढे उघडायची असा नियम आहे. पहिल्या पानावर अक्कांनी आपले नाव स्वतःच्या हाताने तेलुगूत लिहिले आहे. सिस्टरांना ते वाचता येत नाही, म्हणून तरुणाने त्याखाली देवनागरीत लिहायला घेतले तेव्हा अक्कांनीच त्याला थांबवले : आधी त्यांना शिकू दे, म्हणाल्या. सिस्टर सध्या तेलुगू अक्षरे गिरवतात.

सर्व प्रश्न सुटले आहेत असे नाही. देणगी देऊ इच्छिणारे अजूनही फोटो मागतात आणि नाही म्हटल्यावर काही जण परत येत नाहीत. ज्वारी महाग आहे. तरुणाच्या हाताखाली आता बारावी झालेली एक मुलगी येऊ लागली आहे. तिला त्याने पहिल्या दिवशी डबे घासायला दिले, पण का ते सांगून. वऱ्हांड्यातल्या चादरीवर मात्र अजून तोच झोपतो, कारण मुलीने तिथे झोपणे सोयीचे नाही, आणि आता कूस कशी बदलायची ते तीच बायांना शिकवते.